‘अपक्ष’ की ‘स्वपक्ष’? : धनिक उद्योजकाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची चिकित्सा

१

कोकणच्या अन्य बंदरांप्रमाणे रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णे येथेही मासेमारीच्या व्यवसायात एक शब्दभेद काटेकोरपणे पाळला जातो. नौका ज्याच्या मालकीची तो ‘मालक’, आणि समुद्रात ती ज्याच्या हुकमतीखाली चालते तो ‘तांडेल’. कित्येकदा ही दोन्ही नाती एकाच पुरुषाच्या ठायी एकवटलेली असतात. परंतु तेव्हाही शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. नौकेत पैसा घातला एवढ्याने कोणी तांडेल होत नाही. खलाशी म्हणून वर्षे घालवावी, वारा, भरती-ओहोटी, पाण्याखालचे खडक आणि बरोबरची माणसे ह्यांची पारख व्हावी, तेव्हा ती संज्ञा माणसास लाभते. किनारा सुटल्यावर जाळे कोठे टाकावयाचे आणि माघारी केव्हा फिरावयाचे ह्याविषयी तांडेलाचा शब्द अखेरचा. नौका परतून सुवर्णदुर्गासमोरच्या वाळूवर मासळीचा लिलाव सुरू झाला, की मालकाचा व्यवहार सुरू. मालकी आणि नेतृत्व ह्या दोन निरनिराळ्या योग्यता होत, हे तत्त्व बंदरावरील भाषेने कोणत्याही राज्यशास्त्रीय ग्रंथाच्या साहाय्यावाचून निश्चित करून ठेवलेले आहे.

ह्या तत्त्वास आव्हान देणारी एक घटना गेल्या तीन-साडेतीन दशकांत निरनिराळ्या देशांत घडलेली दिसते. व्यापार-उद्योगात अमाप संपत्ती मिळविलेला एखादा पुरुष, कोणत्याही पक्षाचा आश्रय न घेता, राज्यातील सर्वोच्च पदासाठी स्वतःस पुढे करतो. मराठी वृत्तपत्रे अशा पुरुषाचे वर्णन ‘अपक्ष उमेदवार’ असे करतात, आणि ज्या पदाची त्यास आकांक्षा आहे त्यास ‘राष्ट्राध्यक्ष’ किंवा ‘राष्ट्रपती’ म्हणतात. हे शब्द वरवर पाहता केवळ नोंद करणारे भासतात. वस्तुतः त्या प्रत्येकात प्रस्तुत घटनेविषयीचा एकेक निर्णय आधीच दडलेला आहे. तो निर्णय कितपत ग्राह्य मानावा, हे शब्दार्थाच्या आणि प्रत्यक्ष इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

प्रथम ‘अपक्ष’ ह्या संज्ञेचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. संस्कृतात ‘पक्ष’ म्हणजे पंख, त्यावरून बाजू, बाजूवरून चांद्रमासाचा अर्धा भाग, म्हणजे पंधरवडा, आणि वादात घेतलेली भूमिका. राजकीय संघटना हा अर्थ ह्या परंपरेत सर्वांत अलीकडचा. इंग्रजीतील मूळ संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘स्वतंत्र’ असा असला, तरी भारतीय भाषांनी ती संज्ञा निरनिराळ्या रीतीने आत्मसात केली. हिंदीने ‘निर्दलीय’ म्हटले, कानडीने ‘पक्षेतर’ म्हटले. मराठीने आणि गुजरातीने ‘अपक्ष’ हा शब्द पत्करला. ‘स्वतंत्र’ हा पर्याय मराठीतही संभवत होता. परंतु १९५९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या पुढाकाराने ‘स्वतंत्र पक्ष’ स्थापन झाल्यावर ‘स्वतंत्र उमेदवार’ ह्या शब्दांतून पक्षाचा अभाव समजावा की एका विशिष्ट पक्षाची उपस्थिती, असा विचित्र संदेह निर्माण होण्याजोगा होता.

‘निर्दलीय’ आणि ‘पक्षेतर’ ह्या शब्दांतून संघटनेचा अभाव किंवा संघटनेबाहेरची जागा एवढाच बोध होतो. ‘अपक्ष’ ह्या शब्दाची स्थिती निराळी आहे. मराठीत ‘पक्ष’ शब्दाचा ‘बाजू’ हा जुना अर्थ अद्यापि जिवंत आहे. ‘पक्षपात’, ‘वरपक्ष’, ‘वधूपक्ष’, ‘एखाद्याचा पक्ष घेणे’ हे प्रयोग नित्याचे आहेत. परिणामी ‘अपक्ष’ हा शब्द कानी पडताच ‘कोणत्याही राजकीय संघटनेचा सभासद नसलेला’ ह्या मर्यादित अर्थाबरोबर ‘कोणत्याही बाजूचा नसलेला’ हा व्यापक अर्थही ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो. आणि तेथून ‘निःपक्षपाती’ ह्या गुणवाचक शब्दापर्यंत केवळ एका पावलाचे अंतर उरते. नामनिर्देशनपत्रातील एक तांत्रिक नोंद अशा रीतीने नैतिक प्रशस्ती होऊन बसते. ‘तटस्थ’ ह्या शब्दाशी तुलना केल्यास हा घोटाळा अधिक स्पष्ट होईल. तटस्थ म्हणजे जो तटावर उभा आहे तो. उमेदवार हा मात्र तटावर उभा नसतो. तो पाण्यात उतरलेला असतो आणि सुकाणू मागत असतो.

दुसरा शब्द ‘उमेदवार’. फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ आशा धरणारा. मराठीने त्यावर एक महत्त्वाचा संस्कार केला. कचेरीत किंवा कारखान्यात, पुढे कायमची जागा मिळेल ह्या आशेने अल्प वेतनावर किंवा वेतनावाचून राबणारा, काम शिकणारा तो उमेदवार. ‘त्यांनी अमुक वकिलांकडे उमेदवारी केली’ ह्या वाक्यात निवडणुकीचा संबंध नाही. शिकाऊपणाच्या वर्षांचा आहे. १९६१ च्या केंद्रीय अधिनियमाचे मराठी नावही ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ असेच रूढ आहे. म्हणजे ‘उमेदवारी’ ह्या एकाच शब्दात पदाची इच्छा आणि पदासाठी केलेली साधना हे दोन अर्थ मराठीने शेजारी नांदविले आहेत. पक्षसंघटना कितीही हीन अवस्थेस पोचलेली असो, तीत ह्या दुसऱ्या अर्थाचा काही अंश शिल्लक असतो; कार्यकर्ता प्रथम गावात, मग तालुक्यात, मग जिल्ह्यात ओळखला जातो, चुकतो, हरतो आणि शिकतो. धनिक अपक्षाचे वैशिष्ट्य असे, की त्यास पहिल्या अर्थाची उमेदवारी हवी असते. दुसऱ्या अर्थाची त्याने केलेली नसते, किंवा ती आपण अन्य क्षेत्रात केली आहे असे त्याचे म्हणणे असते.

तिसरा शब्दसमूह ‘अध्यक्ष’ आणि ‘पती’ ह्यांचा. कंपनीच्या संचालक मंडळाचा प्रमुख तो ‘अध्यक्ष’, आणि अमेरिकेच्या शासनाचा प्रमुखही ‘राष्ट्राध्यक्ष’. ‘उद्योगपती’ आणि ‘राष्ट्रपती’ ह्या शब्दांचे उत्तरपदही एकच. ह्या शब्दसाम्यामुळे एका पदावरून दुसऱ्या पदावर जाणे हे निव्वळ बढतीसारखे भासू लागते. परंतु शब्दांचा इतिहास ह्या भासास पुष्टी देत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसरे अधिकरण ‘अध्यक्षप्रचार’ ह्या नावाचे असून त्यात पण्याध्यक्ष, सुवर्णाध्यक्ष, नावध्यक्ष असे अनेक अध्यक्ष वर्णिलेले आहेत. त्यांपैकी एकही आपल्या खात्याचा मालक नव्हे. प्रत्येक जण हिशेब देण्यास बांधलेला अधिकारी आहे. ‘पति’ शब्दाची व्युत्पत्ती भारतीय वैयाकरण ‘पा’ म्हणजे रक्षण करणे ह्या धातूपासून लावतात, तर तौलनिक भाषाशास्त्र त्याचा संबंध ग्रीक व लॅटिन भाषांतील स्वामित्ववाचक सगोत्र शब्दांशी जोडते. दोन्ही छटा मराठीत टिकून आहेत. ‘लक्षाधिपती’मध्ये स्वामित्व आहे, ‘सेनापती’ आणि ‘सभापती’ ह्यांमध्ये सोपविलेला अधिकार आहे. ‘राष्ट्रपती’ हा शब्द दुसऱ्या गटातील होय. धनिकाची उमेदवारी त्यास नकळत पहिल्या गटात ओढू पाहते.

३

भारतीय परिस्थितीत राष्ट्रपतिपदासाठी एखाद्या धनाढ्य उद्योजकाने आपल्या बळावर उभे राहून गंभीर लढत दिल्याचे उदाहरण नाही, आणि त्यास कारण आहे. राष्ट्रपतीची निवड संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. प्रारंभी एक सूचक आणि एक अनुमोदक एवढ्यावर उमेदवारी दाखल करता येत असे. १९६७ च्या निवडणुकीत १७ उमेदवार होते आणि त्यांतील ९ जणांस एकही मत मिळाले नाही. १९७४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १० सूचक व १० अनुमोदक आवश्यक ठरले. १९९७ पासून ही संख्या प्रत्येकी ५० झाली आणि अनामत रक्कम १५,००० रुपये करण्यात आली. अनामत रक्कम कोणाही धनिकास क्षुल्लक. परंतु शंभर लोकप्रतिनिधींच्या स्वाक्षऱ्या पक्षांच्या संमतीवाचून मिळणे दुष्कर. अपक्षाच्या वाटेवरही पक्षांचे दार उभे आहे.

तथापि ‘अपक्ष’ ह्या शब्दाची परीक्षा पाहणारा सर्वांत बोधप्रद प्रसंग ह्याच निवडणुकीच्या इतिहासात सापडतो. १९६९ साली वराहगिरी वेंकटगिरी हे अपक्ष म्हणून उभे राहिले. काँग्रेस पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ ह्यांनी चिंतामणराव देशमुख ह्यांस पुरस्कारिले. देशमुखांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते ह्या गावचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू आणि मेघदूताचे मराठी अनुवादक असा त्यांचा लौकिक. ते उद्योजक नव्हते. परंतु अर्थव्यवहारातील नैपुण्य आणि पक्षीय राजकारणाविषयीची अलिप्तता ह्या दोन गुणांवर सर्वोच्च पदासाठी एखाद्या पुरुषाचे नाव पुढे यावे, ह्या कल्पनेचे मराठी भाषिकांतील ते सर्वांत ठळक उदाहरण होत. पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९ असे होते. दुय्यम पसंती मोजल्यावर गिरी विजयी झाले.

ह्या निकालातील विरोधाभास ध्यानी घेण्याजोगा आहे. गिरींनी मंत्री, राज्यपाल व उपराष्ट्रपती ही पदे भूषविली होती. त्यांचे आयुष्य काँग्रेस व कामगार चळवळीत गेले होते. आणि त्यांच्या पाठीशी पंतप्रधान इंदिरा गांधींचा गट, कम्युनिस्ट व द्रविड मुन्नेत्र कळघम अशी प्रबळ पक्षीय शक्ती होती. ते ‘अपक्ष’. देशमुख हे वृत्तीने पक्षातीत. ते ‘पक्षांचे उमेदवार’. ज्यास पक्ष होता तो अपक्ष ठरला आणि ज्यास पक्ष नव्हता तो पक्षीय. त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेस दुभंगली. अपक्ष उमेदवारी ही वस्तुतः घडू घातलेल्या एका नव्या पक्षाची पहिली चाल होती. ‘अपक्ष’ ही संज्ञा उमेदवाराच्या अर्जाचे वर्णन करते, उमेदवाराचे नव्हे, हे ह्याहून अधिक स्पष्टपणे दाखविणारा दाखला शोधून मिळणार नाही.

खऱ्या अर्थाने उद्योगपतींच्या अपक्ष उमेदवारीचे मुंबईतील प्रसिद्ध उदाहरण त्यानंतर दोनच वर्षांनी घडले. पद मात्र राष्ट्रपतीचे नव्हे, लोकसभेचे होते. टाटा उद्योगसमूहातील ज्येष्ठ धुरीण नवल टाटा हे १९७१ साली दक्षिण मुंबईतून अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पराभूत झाले. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. ‘गरिबी हटाओ’ ही त्या निवडणुकीची घोषणा होती. अशा समयी ‘अपक्ष’ ह्या शब्दाने उद्योगपतीची बाजू झाकली जाणे शक्य नव्हते. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियामक मंडळावर टाटा दीर्घकाळ मालकवर्गाचे प्रतिनिधी होते. त्या संघटनेची रचनाच त्रिपक्षीय आहे. शासन, मालक आणि कामगार ह्यांनी आपापल्या बाजूने बसून बोलावयाचे असते. तेथे त्यांचा पक्ष उघड होता, आणि त्या उघडपणामुळेच त्यांच्या शब्दास वजन होते. जिनिव्हा येथे जो पुरुष पक्षाचा म्हणून आदरणीय ठरला, तोच मुंबईच्या मतपत्रिकेवर ‘अपक्ष’ म्हणून नोंदला गेला. ह्या दोन नोंदींपैकी अधिक सत्य कोणती, हे सांगावयास नको.

पुढे २००६ साली महाराष्ट्रातून राज्यसभेच्या पोटनिवडणुकीत राहुल बजाज अपक्ष म्हणून निवडून आले. त्यांस भारतीय जनता पक्ष, शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस ह्यांचा पाठिंबा होता. एका पक्षाचा नसलेला उमेदवार तीन पक्षांचा असू शकतो, हे येथे दिसले. ह्याच घराण्यातील जमनालाल बजाज ह्यांची वाट मात्र निराळी होती. त्यांनी रायबहादूर ही पदवी परत केली, १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात कारावास पत्करला, आणि अनेक वर्षे काँग्रेसचे कोषाध्यक्षपद सांभाळले. त्यांच्याजवळ संपत्ती होती. परंतु राजकारणात त्यांनी तिच्या जोरावर सुकाणू मागितले नाही. त्यांनी मराठी अर्थाची उमेदवारी केली.

४

जेथे राष्ट्राध्यक्षाची निवड प्रत्यक्ष जनतेच्या मतावर चालते, तेथे धनिक अपक्षास मैदान मोकळे असते. ह्या प्रकाराचा आदर्श नमुना म्हणजे अमेरिकेतील १९९२ ची रॉस पेरो ह्यांची उमेदवारी. १९६२ मध्ये त्यांनी संगणकीय सेवा पुरविणारी ‘इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स’ ही कंपनी स्थापन केली आणि १९८४ मध्ये ती जनरल मोटर्सला विकली. २० फेब्रुवारी १९९२ रोजी दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत त्यांनी जाहीर केले, की पन्नासही राज्यांतील स्वयंसेवकांनी आपले नाव मतपत्रिकेवर आणल्यास आपण उभे राहू. जूनच्या जनमत-चाचण्यांत ते प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे होते. १६ जुलै रोजी त्यांनी माघार घेतली; १ ऑक्टोबर रोजी ते पुन्हा रिंगणात उतरले. दूरचित्रवाणीवर अर्ध्या-अर्ध्या तासाचा वेळ विकत घेऊन, आलेख व तक्ते दाखवीत त्यांनी राष्ट्रीय कर्जाचा प्रश्न मांडला. ह्या मोहिमेत त्यांचे स्वतःचे ६ कोटी डॉलरांहून अधिक धन खर्ची पडले. १९७६ च्या बकले विरुद्ध वालेओ ह्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या स्वतःच्या खर्चावर मर्यादा घालता येत नाही असा निर्णय दिल्यामुळे ह्या खर्चास कायद्याचा अडसर नव्हता. त्यांस १८.९ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ९७ लक्ष मते मिळाली. निर्वाचक-मंडळातील मत मात्र एकही मिळाले नाही.

पेरो ह्यांच्या भाषेची धाटणी अभ्यासनीय आहे. जनता ही देशाची मालक आणि राज्यकर्ते हे तिचे नोकर, अशी मांडणी ते सातत्याने करीत. ही मांडणी लोकशाहीची वाटते. परंतु तीत एक फेरफार लपलेला आहे. मालकांच्या वतीने नोकरांस जाब विचारण्यासाठी जो पुढे येतो, तो स्वतः नोकर मानला जात नाही. तो मालकांनी नेमलेला व्यवस्थापक ठरतो. नागरिक हा भागधारक, निवडणूक ही वार्षिक सभा आणि राष्ट्र ही तोट्यात गेलेली पेढी, असे हे संपूर्ण रूपक आहे. ते यशस्वी झाले, कारण श्रोत्यांस प्रस्थापित पक्षांचा खरोखरच वीट आला होता. परंतु भागधारक हा आपले भाग विकून बाहेर पडू शकतो. नागरिकास ती सोय नाही. कंपनीत एका भागास एक मत. राज्यात एका माणसास एक मत. रूपक जेथे तुटते, तेथेच लोकशाही सुरू होते.

पक्षाचे कार्य टाळता येत नाही, हेही त्या मोहिमेने दाखविले. प्रारंभी स्वयंसेवकांची म्हणून गाजलेली चळवळ लवकरच डॅलस येथील पगारी मंडळींच्या हाती गेली. उन्हाळ्यात पेरो ह्यांनी दोन व्यावसायिक सल्लागार नेमले. त्यांपैकी हॅमिल्टन जॉर्डन हे डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांचे सहकारी, तर एड रोलिन्स हे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांच्या मोहिमेचे सूत्रधार होते. म्हणजे जो पक्ष नको होता, त्याचे कौशल्य भाड्याने घ्यावे लागले. आणि १९९६ मध्ये तेच पेरो पुन्हा उभे राहिले ते ‘रिफॉर्म पार्टी’ ह्या त्यांच्याच पुढाकाराने निघालेल्या पक्षाचे उमेदवार म्हणून. मते मिळाली ती ८.४ टक्के.

अन्यत्रही हाच क्रम आढळतो. स्लोव्हाकियात उद्योजक आंद्रेय किस्का हे २०१४ साली अपक्ष म्हणून, विद्यमान पंतप्रधानांचा पराभव करून, राष्ट्राध्यक्ष झाले. पूर्वी कोणतेही राजकीय पद न भूषविलेल्या ह्या गृहस्थांनी अध्यक्षीय वेतन गरजू कुटुंबांस देऊन टाकले आणि पदाची प्रतिष्ठा राखली. परंतु २०१९ मध्ये पद सोडल्यावर त्यांनीही पक्षच स्थापन केला. आफ्रिकेतील बेनिन देशात कापसाच्या व्यापारात गडगंज झालेले पात्रीस तालों २०१६ साली अपक्ष म्हणून निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीत निवडणुकीचे नियम असे बदलले, की २०१९ च्या संसदीय निवडणुकीत त्यांस अनुकूल असे दोनच गट मतपत्रिकेवर राहिले आणि विरोधी पक्षांस स्थान उरले नाही. एका टोकास किस्का ह्यांचा संयम आणि दुसऱ्या टोकास तालों ह्यांची एकहाती हुकमत. दोहोंतही ‘अपक्ष’ ही अवस्था टिकाऊ ठरली नाही. एक तर अपक्षास पक्ष काढावा लागतो, नाहीतर इतरांचे पक्ष मोडावे लागतात.

५

येथे पूर्वपक्षाची बाजू न्यायाने मांडणे अवश्य आहे. ती तीन मुद्द्यांची आहे. पहिला, धनिकास देणगीदारांचे मिंधे व्हावे लागत नाही, सबब तो भ्रष्टाचारापासून मुक्त राहतो. दुसरा, प्रचंड उद्योग चालविलेल्या पुरुषाजवळ व्यवस्थापनाचे सिद्ध कौशल्य असते. तिसरा, पक्षांची मिरासदारी मोडण्यास बाहेरचा माणूसच समर्थ असतो.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. देणगीदाराचे मिंधेपण वाईट खरे; परंतु अनेक लहान देणगीदारांवर अवलंबून असणे हे त्यांस उत्तरदायी असणेही असते. जो स्वतःचा एकमेव देणगीदार आहे, तो स्वतःपुरताच उत्तरदायी राहतो. शिवाय, केवळ धन पुरेसे ठरत नाही, हेही अनुभवास आले आहे. मायकेल ब्लूमबर्ग ह्यांनी अपक्ष म्हणून उभे राहण्याचा विचार पूर्वी सोडून दिला आणि २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातून प्रयत्न केला. १०० कोटी डॉलरांच्या घरात खर्च होऊनही त्यांस पहिले स्थान मिळाले ते केवळ अमेरिकन सामोआ ह्या बेटांवर.

दुसरा मुद्दा अनुमानाच्या स्वरूपाचा असल्यामुळे त्याची परीक्षा नैयायिकांच्या रीतीने करणे सोयीचे होईल. ‘हा पुरुष राज्यकारभारास योग्य आहे, कारण त्याने उद्योग यशस्वी केला’ ह्या अनुमानात तो पुरुष हा पक्ष, राज्यकारभाराची योग्यता हे साध्य आणि उद्योगातील यश हा हेतू. धूर आहे तेथे अग्नी आहे, ही व्याप्ती जशी अनुभवसिद्ध, तशी उद्योगातील यश आहे तेथे राज्यकारभाराची योग्यता आहे, ही व्याप्ती अनुभवसिद्ध नाही. उद्योगात उद्दिष्ट एक असते आणि ते आकड्यांत मोजता येते. ज्याचे पटत नाही त्यास कामावरून दूर करता येते. राज्यात उद्दिष्टे परस्परविरोधी असतात, आणि ज्यांचे पटत नाही त्यांसह राहावयाचे असते. हेतू व्यभिचारी असल्यामुळे साध्य सिद्ध होत नाही. हर्ण्याचा मालक उत्तम हिशेबनीस असेल. म्हणून वादळात सुकाणू त्याच्या हाती द्यावे, असे कोणताही खलाशी म्हणणार नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत बलवान आहे. पक्ष हे जेव्हा बंदिस्त होतात, तेव्हा बाहेरच्या माणसाची गरज भासते, ह्यात शंका नाही. परंतु पक्षाविना उमेदवार ही कल्पना तर्कशास्त्रातील ‘गगनारविंदा’सारखी आहे. आकाशातील कमळास आश्रयच नसल्यामुळे त्याच्या सुगंधाचे अनुमान निष्फळ ठरते. कोणत्याही उमेदवारास निधी, कार्यकर्ते, ओळख आणि प्रचारयंत्रणा ह्यांचा आश्रय लागतोच. पक्ष नसेल तर तो आश्रय धन देते. निधी धनाचा, कार्यकर्ते पगारी, प्रचार विकत घेतलेला आणि चिन्हाच्या जागी उमेदवाराचे गाजलेले नाव.

नावाचे हे सामर्थ्य किती असते, ह्याचा दाखला हर्णे ज्या लोकसभा मतदारसंघात येते त्या रायगडनेच २०१४ साली दिला. अनंत गीते ह्यांनी सुनील तटकरे ह्यांचा २,११० मतांनी पराभव केला. आणि तटकरे ह्यांच्याच नावाच्या एका अपक्षास नऊ हजारांहून अधिक मते पडली. ही सर्व मते केवळ नामसाम्यामुळे पडली असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु संघटनेवाचून, केवळ नावावर मते मिळू शकतात, हा निष्कर्ष टाळणेही अवघड आहे. उद्योगपतीचे नाव तर अगोदरच वस्तूंच्या वेष्टनांवरून आणि जाहिरातींवरून घरोघर पोचलेले असते. नाव हीच त्याची निशाणी होते.

६

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा, की धनिक उद्योजकाच्या उमेदवारीस ‘अपक्ष’ म्हणणे हे कायद्याच्या दृष्टीने बिनचूक असले, तरी अर्थाच्या दृष्टीने फसवे आहे. त्यास पक्ष नसतो असे नव्हे. त्याचा पक्ष एकपुरुषी असतो, त्याचा कोष खाजगी असतो आणि त्याच्या सभासदांस पदाधिकारी बदलण्याचा अधिकार नसतो. अशा उमेदवारास ‘स्वपक्ष’ उमेदवार म्हणणे अधिक यथार्थ होईल. मराठीत ‘स्वपक्ष’ म्हणजे सामान्यतः ज्या पक्षाचे आपण आहोत तो. येथे तो शब्द उलट अंगाने घ्यावा लागेल, म्हणजे जो पक्ष आपल्या मालकीचा आहे तो. हा शब्द निवडणूक अधिकाऱ्यांनी नोंदवहीत लिहावा अशी सूचना नाही. राजकीय भाषेचा अभ्यास करणाऱ्याने आणि वृत्तपत्रीय मराठी लिहिणाऱ्याने हा भेद मनात जागा ठेवावा, एवढाच आग्रह आहे. एखादा शिक्षक किंवा शेतकरी पदरमोड करून अपक्ष म्हणून उभा राहतो आणि एखादा कोट्यधीश तसाच उभा राहतो, तेव्हा ह्या दोघांस एकच शब्द लावणारी भाषा मतदारास अंधारात ठेवते.

ह्या निष्कर्षास एक पुरवणी जोडणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ‘स्वपक्ष’ ही व्याख्या एकदा मान्य केली, की ती केवळ अपक्षांपुरती मर्यादित राहत नाही. ज्या नोंदणीकृत पक्षांची सूत्रे एकाच घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आली आहेत, ज्यांच्यात उमेदवारी साधनेने न मिळता कृपेने किंवा पैशाने मिळते, ते पक्षही ह्याच व्याख्येत बसतात. तेथेही मालकानेच तांडेलाची जागा घेतलेली असते. ह्या दृष्टीने पाहता धनिक अपक्ष हा पक्षव्यवस्थेचा शत्रू नव्हे, तर तिच्या ऱ्हासाची तर्कशुद्ध परिणती होय. पक्षांनी उमेदवारी ह्या शब्दाचा दुसरा अर्थ आधी गमावला. धनिक अपक्षाने त्याचा अभाव उघडपणे मांडला, एवढेच. म्हणून त्याच्यावरील उपाय त्यास निवडणुकीबाहेर ठेवणे हा नसून, पक्षांत उमेदवारीचा जुना मराठी अर्थ पुन्हा प्रस्थापित करणे हा आहे. तो अर्थ हर्ण्याच्या बंदरावर आजही चालू आहे. तेथे खलाशी झाल्यावाचून तांडेल होता येत नाही.